बुडालेले पैसे कोणाचे?
खानदेशातून पाहिलेले थकीत कर्जांचे धोरण : प्रस्तावना

कर्ज बुडाले की नुकसान झालेलेच असते. बँकेने ते ताळेबंदात दाखवले काय आणि न दाखवले काय, पैसा गेलेला असतो. त्यानंतर सरकारच्या, रिझर्व्ह बँकेच्या, न्यायालयाच्या किंवा एखाद्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाच्या हातात दोनच निर्णय उरतात. नुकसान मान्य कधी करायचे आणि ते कोणाच्या पदरात टाकायचे? कर्जदाराच्या, भागधारकाच्या, ठेवीदाराच्या की करदात्याच्या? थकीत कर्जांसाठी जगभरात झालेले कायदे, माफ्या, लिलाव आणि समित्या ही सगळी या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे आहेत. या पुस्तकातले लेख ती उत्तरे तपासतात आणि त्यासाठी जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांचा आधार घेतात.

हा विषय एरवी मुंबईच्या रिझर्व्ह बँकेतून किंवा दिल्लीच्या अर्थ मंत्रालयातून लिहिला जातो. तिथून बड्या कंपन्यांची खाती स्पष्ट दिसतात, पण विकास सोसायटीचा गटसचिव आणि पतसंस्थेच्या बंद शटरपुढे उभा राहिलेला निवृत्त शिक्षक दिसत नाहीत. खानदेशात हे सारे एका नजरेत येते. कोरडवाहू कापसावरचे पीक कर्ज इथे आहे. रावेर-यावलच्या केळीबागांवरचे मोठे कर्ज आहे, आणि त्या बागा मे-जूनच्या एका वादळात आडव्या होतात. कर्जात बुडून विकले गेलेले सहकारी साखर कारखाने आहेत, अनेक राज्यांत शाखा काढून कोसळलेली पतसंस्था आहे आणि परदेशी रोखेधारकांशी तडजोड करून सावरलेली कंपनीही आहे. थकीत कर्जाचे जितके प्रकार ग्रंथांत सापडतात, त्यांतले बहुतेक तापी आणि पांझरेच्या खोऱ्यांत भेटतात.

नव्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की सर्वसाधारण कर्ज अनुत्पादक ठरते. त्यालाच आपण एनपीए म्हणतो. शेतीसाठी मोजमाप वेगळे आहे. कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले, तर दीर्घ मुदतीच्या पिकाचे एक हंगाम थकले, की ते या वर्गात जाते. मग बँकेला त्यावरचे न आलेले व्याज उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही आणि नफ्यातून तरतूद करावी लागते. पुढे ते कर्ज निर्लेखित होते, म्हणजे ताळेबंदातून काढले जाते. कर्जदाराची जबाबदारी मात्र कायम राहते आणि वसुली चालू ठेवता येते. माफीत ती जबाबदारीच संपते. या दोन गोष्टींची सरमिसळ करून आपल्याकडे निवडणुकीच्या सभा गाजतात, म्हणून हा फरक पहिल्या पानापासून लक्षात ठेवावा.

प्रश्न जुना आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जाच्या व्यवहाराची मुळापासून चौकशी करण्याचा आणि व्याज आवाक्यात आणण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. सावकाराला पर्याय म्हणून १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपुरवठा उभा राहिला. पण खानदेशाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे पान १९३६ सालचे आहे. त्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात कर्जाचा मुद्दा ठळक होता. शेतकऱ्याच्या कुवतीबाहेरचे कर्ज संपवावे, त्याची तपासणी खास न्यायाधिकरणांनी करावी, तोपर्यंत वसुली थांबवावी आणि स्वस्त कर्जाची सोय करावी, असे त्यात म्हटले होते. स्थगिती, कुवतीची तपासणी, कर्जाची फेररचना आणि नवा पतपुरवठा हे आजच्या दिवाळखोरी कायद्याचे चार खांब आहेत. फैजपूरच्या मांडवात ते शेतकऱ्यासाठी मागितले गेले होते. ही आठवण या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

त्या मागणीतले काही प्रत्यक्षात उतरलेही. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला आणि १९४७ मध्ये तो नव्याने आला. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४५ मध्ये शेतीकर्जाच्या सक्तीच्या तडजोडीचा आग्रह धरला. त्यानंतर गोरवाला समितीच्या पाहणीत १९५१-५२ साली ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के असल्याचे दिसले, आणि धोरणाचा सगळा जोर कर्ज पोहोचवण्यावर गेला. जिल्हा बँका वाढल्या, सोसायट्या गावोगाव पोहोचल्या, १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. कर्ज देण्याची यंत्रणा अशी उभी राहिली. कर्ज बुडाल्यावर माणसाला पुन्हा उभे करण्याची यंत्रणा मात्र मागे पडली, आणि ती उणीव आजही भरून निघालेली नाही.

ही उणीव गावात कशी दिसते, ते ‘नवं-जुनं’ या व्यवहारात कळते. समजा, चोपडा किंवा शिंदखेडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यावर सोसायटीचे १ लाख रुपये पीक कर्ज आहे. बोंडअळीने कापूस गेला, हातात पैसा नाही. पण ३१ मार्चच्या आत भरले तरच व्याजाची सवलत मिळणार आणि नवे कर्ज मंजूर होणार. म्हणून तो गावातल्याच कोणाकडून काही दिवसांसाठी चढ्या दराने १ लाख उचलतो आणि सोसायटीत भरतो. पावती फाटते. एप्रिलमध्ये नवे कर्ज हाती पडते, आणि ते घेऊन तो थेट उसने देणाऱ्याच्या दारात जातो. सोसायटीची वसुली कागदावर चोख, जिल्हा बँकेचा तक्ता चोख, व्याज सवलतीची योजनाही चोख. शेतकऱ्याचे कर्ज मात्र जिथल्या तिथे, वर चार दिवसांचे सावकारी व्याज. पेरणीसाठी घेतलेल्या कर्जातून पेरणीला एक रुपयाही गेलेला नसतो. मोठ्या बँकांनी मोठ्या कंपन्यांना जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज दिले, तेव्हा त्यावर समित्या बसल्या. गावातले नवं-जुनं दरवर्षी मार्चअखेर उघड्यावर चालते आणि त्याला आपण शंभर टक्के वसुली म्हणून शाबासकी देतो.

आता या क्षेत्रातल्या मुख्य विचारसरणी पाहू. पहिली मुदतवाढीची. दुष्काळ, मंदी, भाव कोसळणे ही संकटे सरतात, म्हणून वेळ द्यावा, हप्ते पुन्हा बांधावेत, अल्पमुदतीचे कर्ज मध्यम मुदतीत रूपांतरित करावे, असे ती सांगते. खऱ्या नैसर्गिक संकटात हे शहाणपणाचेच असते. पण मूळ धंदाच बुडाला असेल, तर मुदतवाढीने कर्ज फुगते आणि नुकसान मान्य करण्याची जबाबदारी पुढच्या संचालक मंडळावर ढकलली जाते.

दुसरी माफीची. १९९० ची १० हजारांपर्यंतची केंद्राची माफी, २००८ ची देशव्यापी माफी, राज्याची २०१७ ची दीड लाखांपर्यंतची योजना आणि २०१९ ची २ लाखांपर्यंतची महात्मा फुले कर्जमुक्ती योजना हा तिचा अलीकडचा प्रवास. माफीची निंदा करणे सोपे आहे, आणि आम्ही ती करणार नाही. ज्या समाजात शेतकऱ्याला दिवाळखोरीचा सन्मान्य मार्गच नाही, तिथे माफी हा त्याला मिळणारा एकमेव निवाडा असतो. पण तो निवाडा निवडणुकीच्या वेळापत्रकाने येतो, कुवत न पाहता तारखेच्या रेषेने माणसे विभागतो आणि सावकाराच्या कर्जाला हात लावत नाही. नियमित फेडणाऱ्याला ५० हजारांपर्यंतच्या प्रोत्साहनासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले. त्याच्या मनात जी अढी बसते, तिची किंमत पुढची कित्येक वर्षे सोसायटी मोजते.

तिसरी वसुलीची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम १०१ चा वसुली दाखला, कलम १५६ खालची जप्ती, १९९३ च्या कायद्याने आलेली कर्जवसुली न्यायाधिकरणे आणि २००२ चा सरफेसी कायदा ही तिची हत्यारे आहेत. सरफेसीमुळे बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेता येते. सहकारी बँकांनाही तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागत नाही. चाळीसगावचा बेलगंगा आणि फैजपूरचा मधुकर हे सहकारी साखर कारखाने जिल्हा बँकेने थकीत कर्जापोटी ताब्यात घेतले आणि विकले. धुळे जिल्ह्यात साक्रीचा पांझराकान आणि शिरपूरचा शेतकरी कारखानाही थकबाकीच्या ओझ्याखाली बंद पडले. अशा कारखान्यांच्या कर्जाला अनेकदा राज्य शासनाची थकहमी असे. हमी सरकारची असल्यामुळे देणाऱ्याने प्रकल्प नीट तपासला नाही आणि घेणाऱ्याला धास्ती राहिली नाही. विक्रीतून बँकेला काही रक्कम मिळते. कामगारांची देणी, उसाची थकलेली बिले आणि सभासदांचे भाग यांचा हिशेब त्यानंतरही उरतो. वसुली झाली म्हणजे न्याय झाला, असे मानता येत नाही, हे या कारखान्यांची कहाणी सांगते.

चौथी विचारसरणी वाईट कर्ज चांगल्या कर्जापासून वेगळे काढण्याची, आणि तिचा जन्म उभरत्या देशांच्या संकटांत झाला. चिलीने १९८० च्या दशकात बँकांची बुडीत कर्जे मध्यवर्ती बँकेकडे घेतली, पण पुढच्या नफ्यातून ती परत विकत घेण्याची अट बँकांवर ठेवली. मेक्सिकोने १९९४-९५ च्या संकटात फोबाप्रोआ या निधीमार्फत कर्जे उचलली. बड्यांची कर्जे त्यात मुक्तपणे आली आणि ओझे पिढ्यान्‌पिढ्यांसाठी करदात्याच्या डोक्यावर बसले. आशियाई आर्थिक संकटानंतर दक्षिण कोरियाच्या कामको आणि मलेशियाच्या दानाहार्ता या संस्थांनी कर्जे मोठ्या सवलतीने विकत घेतली आणि वेगाने विकली. दानाहार्ता १९९८ मध्ये सुरू झाली आणि काम आटोपून २००५ मध्ये बंदही झाली. चीनने १९९९ मध्ये चार सरकारी कंपन्या काढून सुमारे १.४ लाख कोटी युआनची कर्जे दर्शनी किमतीलाच त्यांच्याकडे सरकवली. नुकसान एका सरकारी खिशातून दुसऱ्यात गेले आणि त्या कंपन्या आजही चालू आहेत. या अनुभवांतून निघणारा धडा स्पष्ट आहे. कर्ज खऱ्या किमतीला विकत घेतले आणि संस्थेला शेवटची तारीख दिली, तर हा उपाय लागू पडतो. या दोन अटी पाळल्या नाहीत, तर ते केवळ कोठार होते. भारताने २०२१ मध्ये राष्ट्रीय मालमत्ता पुनर्रचना कंपनी स्थापन केली आणि तिच्या रोख्यांना केंद्राने ३०,६०० कोटींची हमी दिली. तिचे मूल्यमापनही याच दोन कसोट्यांवर व्हायला हवे.

पाचवी दिवाळखोरीची. भारतात तिच्याकडे येणारी वाट लांबची होती. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर कर्जाचे खरे वर्गीकरण सुरू झाले, तेव्हा मार्च १९९३ मध्ये सरकारी बँकांचे २३ टक्क्यांहून अधिक कर्ज अनुत्पादक निघाले. ते हळूहळू खाली आले. २००३ नंतरच्या तेजीत पुन्हा बेफाम कर्जे वाटली गेली आणि ती फेररचनेच्या आडोशाला झाकली गेली. रघुराम राजन गव्हर्नर असताना २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तांची तपासणी लावली आणि झाकण निघाले. मार्च २०१८ ला अनुसूचित व्यापारी बँकांचे ढोबळ एनपीए ११ टक्क्यांच्या पुढे गेले. दरम्यान २०१६ चा नादारी व दिवाळखोरी कायदा आला आणि सरकारने बँकांत मोठे भांडवल ओतले. मार्च २०२५ मध्ये हे प्रमाण २.३ टक्क्यांवर आले. घट खरी आहे. तिच्यात निर्लेखनाचा वाटा मोठा आहे, हेही तितकेच खरे. दिवाळखोरी कायद्याखाली मार्गी लागलेल्या प्रकरणांत मान्य दाव्यांच्या साधारण एक-तृतीयांश रक्कमच हाती आली आहे. प्रकरण निकाली काढण्यासाठी ठरलेली ३३० दिवसांची मर्यादा असंख्य प्रकरणांत ओलांडली गेली.

कायद्याच्या दाराबाहेरही तोडगा निघू शकतो, याचे उदाहरण जळगावातच आहे. ठिबक सिंचनाच्या धंद्यात अनुदानाची सरकारी येणी लांबतात आणि खेळते भांडवल अडकते. या धंद्यातल्या जैन इरिगेशन या कंपनीची देणी २०१९ मध्ये थकली. रिझर्व्ह बँकेच्या त्याच वर्षी ७ जूनला निघालेल्या थकीत कर्ज निवारणाच्या चौकटीखाली धनको बँकांनी आपसात करार केला, मार्च २०२२ मध्ये तोडगा अमलात आला आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन होऊन कर्जाचा भार हलका झाला. कारखाने चालू राहिले, रोजगार टिकले. असे तोडगे निघावेत, असेच आमचे म्हणणे आहे. पण त्याच जिल्ह्यातल्या केळी उत्पादकाला ही चौकट लागू नाही. दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या जामीनदारांपुरता अमलात आहे. शेतकरी, किराणा दुकानदार आणि दालमिलचा छोटा मालक यांच्या वाट्याला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा येतो, जो फारसे कोणी वापरत नाही. कंपनी थकली तर धनको टेबलाभोवती बसतात. शेतकरी थकला तर सातबाऱ्यावर बोजा राहतो, नवे कर्ज बंद होते आणि तो सावकाराकडे जातो. या पुस्तकाची मुख्य तक्रार ही आहे.

या साऱ्यात सगळ्यांत कमी ऐकला जाणारा माणूस ठेवीदार. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला असा विमाच नाही. दोन्ही ठिकाणी पाटी सारखी, काउंटर सारखा, पासबुक सारखे, म्हणून हा फरक पाटी उतरेपर्यंत कळत नाही. जळगावात मुख्यालय असलेली भाईचंद हिराचंद रायसोनी ही बहुराज्यीय पतसंस्था २०१५ मध्ये कोसळली आणि हजारो ठेवीदार अडकले. पुढे अवसायनाच्या काळातल्या व्यवहारांवरही गुन्हे दाखल झाले. ठेवीदारांच्या पावत्या कमी किमतीत घेऊन त्या कर्जखात्यात पूर्ण किमतीने वळत्या केल्याचा आरोप त्यांत आहे, आणि त्याचा निवाडा न्यायालयच करील. पण हा मार्ग कसा चालतो, ते समजून घ्यायला हवे. ठेवीदाराकडे १ लाखाची पावती आहे, पैसे मिळत नाहीत, मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचे बिल समोर आहे. ३० हजारांना तो पावती सोडतो. कर्जदार ती पावती भरून स्वतःचे १ लाखाचे कर्ज फेडलेले दाखवतो. ७० हजारांचे नुकसान ठेवीदाराच्या घरात जाते आणि पुस्तकात पुन्हा वसुलीच दिसते. नुकसान कोणी सोसायचे हे उघडपणे ठरवले नाही, तर ते सगळ्यांत अगतिक माणसाकडे वाहत जाते. या संग्रहाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगायचा, तर हाच आहे.

मग आताच हे पुस्तक का? बँकांचे आकडे सध्या चांगले आहेत, आणि नियम चांगल्या दिवसांतच करायचे असतात. संकटात फक्त माफी आणि लिलाव सुचतात. सोने तारण कर्जे झपाट्याने वाढत आहेत. नागरी सहकारी बँकांसाठी शिखर संस्था उभी राहिली आहे. बहुराज्यीय संस्थांच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. छोट्या कर्जदारासाठी कुवत तपासणारे, मुदतबंद आणि सन्मान राखणारे निवारण मागण्याची हीच वेळ आहे.

या संग्रहात बँकेत वसुलीचे काम केलेले, सोसायट्यांचे लेखापरीक्षण केलेले, न्यायालयात ठेवीदारांची बाजू मांडलेले आणि शेती करणारे लोक लिहीत आहेत. त्यांच्यात एकमत नाही आणि आम्ही ते ओढून-ताणून आणलेलेही नाही. माफीचे समर्थन आणि विरोध दोन्ही इथे वाचायला मिळतील. सगळ्यांनी एक शिस्त मात्र पाळली आहे. प्रत्येक उपायाला त्यांनी विचारले आहे की नुकसान कधी मान्य झाले आणि कोणी सोसले. अर्थशास्त्राची परिभाषा जिथे टाळता आली तिथे टाळली आहे. कोणाही व्यक्तिगत कर्जदाराचे नाव छापलेले नाही, कारण थकबाकीदारांची यादी चावडीवर लावण्याची आणखी एक सोय करणे हा या पुस्तकाचा हेतू नाही.

वाचकांना एक विनंती. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. तुम्ही ज्या सोसायटीचे, पतसंस्थेचे किंवा सहकारी बँकेचे सभासद आहात, तिचा अहवाल यंदा सभेच्या आधी मागून घ्या. लाभांशाचे पान पाहण्यापूर्वी थकबाकी, तरतूद आणि लेखापरीक्षकाचे शेरे ही पाने वाचा. सभेत उठून विचारा की यंदाची वसुली रोखीने किती झाली आणि नव्या कर्जातून किती. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.